बहावा पुन्हा फुलला

माझी पत्नी गेली ती वैशाखात. दिल्लीच्या रस्त्यांवर तेव्हा बहावा फुलला होता. येथे त्याला अमलतास म्हणतात; ती अखेरपर्यंत बहावाच म्हणे.

‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात इंदुमतीच्या मृत्यूनंतर अजराजा, मुलगा लहान म्हणून, आठ वर्षे कशीबशी काढतो. एम. ए.ला असताना त्याचा विलाप मी पाठ केला होता. ती आठ वर्षे कालिदासाने एकाच श्लोकात आटोपली आहेत, हे मात्र तेव्हा जाणवले नव्हते. संसारी माणसाला तशी सवलत नाही. त्याला प्रत्येक ऋतू पुरता भोगावा लागतो.

पहिला पाऊस आला, तेव्हा मी खिडक्या लावून घेतल्या. कार्तिकात मुलीने विचारले, “बाबा, यंदा रजया उन्हात कोण घालणार?” कचेरीत फायलींचा निकाल लावणाऱ्या मला ट्रंकेची किल्लीही ठाऊक नव्हती. ती मुलीनेच शोधली. गच्चीवर रजया पसरताना डांबराच्या गोळ्यांचा वास दरवळला, आणि कित्येक महिन्यांनी आम्ही दोघे तिच्याविषयी मोकळेपणाने बोललो.

यंदा बहावा फुलला, तेव्हा कचेरीची वाट बदलावी असे वाटले होते, बदलली नाही. काल मुलीने त्याचा एक घोस आणला आणि पाण्याच्या तांब्यात ठेवला.