बीपीचं मशीन, मावशी आणि क्वांटम मोजमाप

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो. चूक झाली आहे, आणि ती माझीच आहे.

मागे एका भागात मी म्हणालो होतो, "क्वांटममध्ये एखाद्या गोष्टीकडे बघितलं की ती बदलते." वाक्य भारी होतं, तुम्हीही भरपूर शेअर केलंत. दोन आठवड्यांनी मावशीचा फोन आला. "अरे, तूच म्हणालास ना, बघण्याने वस्तू बदलते? आमच्या क्लासमध्येही तेच शिकवतात. मी रोज सकाळी डोळे मिटून माझं बीपी नॉर्मल झालेलं बघते. आता गोळी बंद करू का?"

मला घामच फुटला. म्हटलं, "अगं मावशी, थांब! डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. मी तुला नीट समजावून सांगतो." तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी आपलं नेहमीचं, म्हणजे क्लासिकल मोजमाप. बीपीचं मशीनच घ्या. दंडाला पट्टा बांधायच्या आधीही रक्ताला काहीतरी दाब असतोच, मशीन तो फक्त वाचतं. मोजताना थोडी गडबड होते हे खरं. डॉक्टरांना बघून धडधड वाढते, आकडा वर जातो. पण पाच मिनिटं शांत बसलं, की गडबड कमी होते. क्लासिकल फिजिक्स हेच धरून चालतं: किंमत आधीच ठरलेली असते, आणि मोजण्याचा धक्का हवा तितका कमी करता येतो. आपल्या कोडिंगच्या भाषेत, व्हेरिएबलमध्ये व्हॅल्यू आहे, तुम्ही ती फक्त प्रिंट करताय.

आता अणुकेंद्रकाचा स्पिन घ्या. काही केंद्रकांचा स्पिन मोजला की दोनच उत्तरं येतात, वर किंवा खाली. मधलं काही नाही. मोजण्याआधी तो दोन्हींच्या मिश्रणात, म्हणजे सुपरपोझिशनमध्ये असू शकतो. कुठलं उत्तर किती वेळा येईल याची शक्यता काढायचा नियम मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये दिला. नेमकं या वेळी कुठलं येईल, ते नियम सांगत नाही. एकदा 'वर' आलं की लगेच पुन्हा मोजा, 'वर'च येतं.

तुम्ही म्हणाल, "कशावरून? उत्तर आधीच ठरलेलं असेल, आपल्याला माहीत नसेल इतकंच." रास्त प्रश्न आहे. तो तपासायची युक्ती अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग यांनी १९८५ मध्ये मांडली.

घरातला दिवा घ्या. चालू म्हणजे +१, बंद म्हणजे −१. सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा. मग सकाळ गुणिले दुपार, अधिक दुपार गुणिले संध्याकाळ, वजा सकाळ गुणिले संध्याकाळ. आठच शक्यता आहेत, कागदावर करून बघा. उत्तर १ येतं, नाहीतर −३. एकाच्या वर कधीच नाही. त्यामुळे हजार दिवसांची सरासरीही एकाच्या वर जाणार नाही. अट दोनच गोष्टींची: दिवा कायम चालू किंवा बंद यापैकी एकाच स्थितीत असतो, आणि बघितल्याने त्याला धक्का लागत नाही. क्वांटमचं गणित मात्र म्हणतं, फिरणाऱ्या स्पिनसाठी हा आकडा १.५ पर्यंत जाऊ शकतो.

आणि ही मर्यादा मोडलेली आपल्या पुण्यातच बघितली गेली आहे! पाषाणच्या आयसरमधले टी. एस. महेश, सौम्या सिंघा रॉय आणि त्यांच्यासोबत विक्रम आठल्ये यांनी हा प्रयोग एनएमआरवर केला. २०११ मध्ये तो 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला. एकाच रेणूतल्या दोन केंद्रकांपैकी एक लक्ष्य, दुसरं प्रोब. लक्ष्याची माहिती प्रोबवर आणून वाचायची. दोन मोजमापांमधला वेळ कमी ठेवला, तेव्हा मर्यादा मोडली. वेळ वाढवत नेला, तसा आजूबाजूचा परिणाम होऊन तीच केंद्रकं त्या मर्यादेत आली, म्हणजे दिव्यासारखी वागू लागली.

अर्थ काय? वरच्या दोन्ही अटी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. नेमकी कुठली सोडायची आणि मोजताना खरंच काय घडतं, यावर भौतिकशास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे.

पण मावशीच्या प्रश्नापुरती उत्तरं पक्की आहेत. एक, इथे मोजणारं होतं दुसरं केंद्रक. त्यासाठी कुणाला डोळे मिटून बसावं लागलं नाही. दोन, मोजणाऱ्याला हवं ते उत्तर निवडता येत नाही, ते शक्यतेनुसारच येतं. तीन, आपलं शरीर मोठं, उबदार, असंख्य रेणूंच्या धडकाधडकीचं. तिथे रक्तदाब दोन आकड्यांच्या सुपरपोझिशनमध्ये टिकूच शकत नाही. बीपी हे शंभर टक्के दिव्यासारखं प्रकरण आहे.

तेव्हा माझं जुनं वाक्य खोडा. नवं वाक्य असं: "क्वांटममध्ये उत्तर मोजण्याआधीच ठरलेलं होतं असं सरळ धरून चालता येत नाही, आणि ते आपल्या इच्छेने ठरतही नाही." शेअर करायला जरा लांब आहे, पण हेच करा.

हे सगळं ऐकून मावशी म्हणाली, "म्हणजे क्लासचे पैसे पाण्यात?"

"हो गं. पण गोळीचे नाहीत."

भेटू पुढच्या भागात. आणि मावशी, ऐकत असशील तर, आजची गोळी घेतलीस ना?