पडदा अंधारला तर

दहा-बारा वर्षें इमानानें राबलेला घरचा संगणक मोडीत काढण्याची पाळी पुष्कळदां त्याच्या म्हातारपणामुळें येत नाहीं. त्याला पुन्हां तरुण करण्याच्या हौसेमुळें येते. मुलाला नवे खेळ हवे असतात, मुलीला चित्रफितींचें संपादन करावयाचें असतें, म्हणून नवें ग्राफिक्स कार्ड घरीं येतें. जुनें काढून त्या जागीं नवें बसविलें जातें, बटण दाबलें जातें. पंखे फिरूं लागतात, दिवे लागतात, आणि मॉनिटरवर मात्र गडद काळोख! दुरुस्तीच्या दुकानांत या विकाराला ‘डिस्प्ले येत नाहीं’ एवढेंच नांव आहे. घरांत त्याचा अर्थ असा लावला जातो, कीं संगणक मेला आणि त्याबरोबर त्यांतील छायाचित्रें, हिशेब व पत्रव्यवहारही गेला.

हा तर्क निराधार आहे. तें सारें साहित्य डिस्कवर असतें, आणि पडद्याच्या काळोखाशीं डिस्कचा कांहीं संबंध नाहीं. ती संकेतशब्दानें कुलूपबंद केलेली नसेल, तर दुसऱ्या यंत्राला जोडून सर्व कांहीं जसेंच्या तसें वाचतां येतें. तेव्हां यंत्र भंगारवाल्याच्या हवालीं करण्याची घाई नको.

निदानाचा पहिला प्रश्न एकच : काळोख केव्हां पडतो? बटण दाबल्या क्षणापासून, कीं कारखानदाराचें नांव व विंडोजचें चिन्ह दिसून गेल्यावर? एकदां तरी चित्र उमटलें असेल, तर कार्ड, वीज व केबल यांचें मूळ काम ठीक चाललें आहे असें धरावयास हरकत नाहीं. मग बहुधा दोष ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालविणाऱ्या आज्ञावलीचा, असतो. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर मागें राहून नव्याशीं भांडत असतो. विंडोज १० व ११ मध्यें आरंभ दोन-तीनदां खंडित झाला, कीं दुरुस्तीची यादी आपोआप पुढें येते. तिच्यांतून ‘सेफ मोड’ घ्यावा, जुना ड्रायव्हर काढून टाकावा व नवा घालावा. एवढ्यावर हें प्रकरण बहुधा मिटतें.

पहिल्या क्षणापासून काळोख असेल, तर मात्र बारकाईनें पाहावें लागतें. सर्वांत हास्यास्पद कारण सर्वांत जास्त वेळां आढळतें : मॉनिटरची केबल संवयीनें मदरबोर्डाच्याच जुन्या तोंडांत खोंचलेली असते. वेगळें कार्ड बसतांच पुष्कळ यंत्रें तें जुनें तोंड बंद करून टाकतात. दुसरी अडचण जुन्या मॉनिटरची. व्ही.जी.ए. केबलीतून जाणारा संदेश अॅनालॉग असतो. एन्व्हिडियानें २०१६ च्या आपल्या १००० मालिकेपासून तो देणेंच सोडलें. त्यापुढील कार्डांना दोनशें रुपयांचा साधा जोड लावून उपयोग नाहीं. संदेशाचें रूपांतर करणारा ‘कन्व्हर्टर’ लागतो.

नंतर विजेचा विचार. कार्ड ज्या स्लॉटमध्यें बसतें, त्यांतून त्याला अधिकांत अधिक ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची वेगळी तार आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. २०१४ च्या जी.टी.एक्स. ७५० टी.आय. या कार्डाची भूक ६० वॅटांची, म्हणून त्याचे पुष्कळ नमुने तारेवांचूनच चालत. उलट ए.एम.डी.च्या २०१६ मधील आर.एक्स. ४८० चा हिशेब १५० वॅटांचा. तें स्लॉटमधून ७५ हून अधिक ओढतें असें आढळल्यावर कंपनीला ड्रायव्हर सुधारून द्यावा लागला होता. पॉवर सप्लायच्या पेटीवरील मोठ्या आंकड्यावर विसंबूं नये. १२ व्होल्टांपुढें किती अँपिअर लिहिले आहेत, तें पाहावें; २५ असतील तर कामाचे ३०० वॅट झाले, आणि वर्षानुवर्षें तापलेल्या पेटींत तेवढेही उरत नाहींत. पंखे फिरतात हा कांहीं पुरावा नव्हे. पंख्याला दोन-चार वॅट पुरतात.

कार्ड काढतां-घालतांना प्लग भिंतींतून उपसावा, बटण कांहीं क्षण दाबून धरावें व कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मग आंत शिरावें. देशावरच्या कोरड्या थंडींत ही काळजी विशेष हवी. स्लॉटच्या टोकाचा खटका ‘टक्’ करून बसला पाहिजे. या धडपडींत रॅमची पट्टीही हलते. तिचे सोनेरी दात खोडरबरानें पुसण्याची दुकानदारांची युक्ति शास्त्रीय ग्रंथांत बसो वा न बसो, पुष्कळदां लागू पडते.

एवढें करूनही काळोख राहिला, तर खरें कोडें भाषेचें असण्याचा संभव आहे. प्रत्येक कार्डावर एक छोटी आज्ञावली कोरलेली असते, आणि विंडोज जागें होण्यापूर्वीं चित्र उमटविणें हें तिचें काम. १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी.पासून चालत आलेली बायोसची बोली ही जुनी, यू.ई.एफ.आय. ही नवी. बऱ्याच कार्डांना दोन्ही येतात, पण सर्वांना नाहीं. इंटेलनें २०२२ मध्यें आणलेल्या आर्क कार्डांना यू.ई.एफ.आय. हवेंच, असें ती कंपनीच सांगते. असें कार्ड २०१० च्या यंत्रांत घातलें तर कोणतीही वस्तु न मोडतां पडदा काळा राहूं शकतो. २०१८ मध्यें एन्व्हिडियानें आपल्या कांहीं कार्डांसाठीं सुधारणेची आज्ञावली काढली होती. डिस्प्लेपोर्ट १.३ व १.४ च्या मॉनिटरावर विंडोज उघडेपर्यंत काळोख राहत असे, तोंवर एच.डी.एम.आय. केबल लावून काम भागवितां येई.

येथें जुनें कार्ड पुन्हां बसवून पाहणें हीच उत्तम परीक्षा. चित्र परतलें, तर मदरबोर्ड, रॅम व मॉनिटर निर्दोष ठरले. त्याच कार्डावर यंत्र चालवून कारखानदारानें दिलेली बायोसची नवी आवृत्ति घालावी. मात्र मध्येंच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊं शकतो, म्हणून यू.पी.एस. असल्यावांचून या वाटेला जाऊं नये. बायोसमधील मांडणीचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं व मग मदरबोर्डावरील ३ व्होल्टांचा बटण सेल पांच मिनिटें काढून परत बसवावा, म्हणजे जुन्या कार्डाच्या वेळचा चुकीचा निर्णय पुसला जातो. दहा वर्षांचा सेल असेल, तर नवाच घालावा.

नवें कार्ड शेजाऱ्याच्या यंत्रांत चाललें, तर तें सदोष नाहीं. ही परीक्षा परतीची मुदत संपण्यापूर्वीं करावी. दुकानदार नंतर ऐकत नाहीं. आणि कारखानदारानें जुन्या मदरबोर्डासाठीं बायोसची सुधारणा काढलीच नसेल, तर तें कार्ड परत करून यंत्राच्याच पिढीचें, ७५ वॅटांत भागणारें एखादें घ्यावें. जुन्या बाजारांत तीं अजून मिळतात.