हिशेबाची वही कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची असावीत, हा समाजवादी चळवळीचा मूळ प्रश्न आहे. जमीन, गिरणी, खाण आणि बँक यांच्याबाबत तो वेळोवेळी विचारला गेला आणि त्यासाठी लढेही झाले. परंतु कारखान्याच्या कचेरीतील हिशेबाची वही कोणाच्या मालकीची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कारण तशी गरजच नव्हती. वही बाजारात विकत मिळे, दिवाणजी तीत लिही आणि लिहिलेले कोणत्याही जाणत्या माणसाला वाचता येई. वही विकणारा दुकानदार पुढल्या वर्षी दारात येऊन, "मागची पाने उघडायची असतील तर पुन्हा पैसे भरा," असे म्हणू शकत नव्हता. आज तो तसे म्हणू शकतो. म्हणूनच हा प्रश्न आता विचारला पाहिजे.

वहीची जागा ज्या संगणक प्रणालीने घेतली आहे तिला 'एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग', थोडक्यात 'ईआरपी', म्हणतात. नाव बोजड असले तरी गोष्ट साधी आहे. कारखान्यात मागणी येते; कोठारात माल किती आहे ते पाहावे लागते; कमी असेल तर खरेदी करावी लागते; मग उत्पादन, पगार, बिल, कर आणि शेवटी ताळेबंद. पूर्वी या प्रत्येक कामाची वही वेगळी, टेबल वेगळे आणि कारकूनही वेगळा असे. ईआरपीने या साऱ्या वह्या एकमेकींना जोडल्या. कोठारातून एक पोते निघाले की साठ्याची नोंद, खर्चाची नोंद आणि पुढच्या खरेदीचा अंदाज एकाच वेळी बदलतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकन कारखान्यांत कच्च्या मालाच्या नियोजनापासून या तंत्राचा आरंभ झाला. १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी जर्मनीत 'सॅप' ही कंपनी स्थापन केली. तिची 'आर-थ्री' ही प्रणाली १९९२ मध्ये बाजारात आली आणि पुढे जगभरच्या मोठ्या उद्योगांचा कारभार तिच्यावर चालू लागला.

अशी प्रणाली केवळ हिशेब ठेवीत नाही. खरेदीला मंजुरी कोणी द्यायची, कोणत्या कामगाराची हजेरी कशी मोजायची, कोणती माहिती कोणाला दिसायची, हे सारे तिच्यात आधीच बसवलेले असते. एकदा दहा वर्षांचे व्यवहार तिच्यात गेले की ती सोडणे फार महाग पडते. नोंदी हलवाव्या लागतात, माणसांना नव्याने शिकवावे लागते, मधल्या काळात काम अडते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर संगणक प्रणालीची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. तरीही तिची किंमत उतरत नाही, कारण सोडून जाण्याची किंमत मोठी असते. विक्रेत्याला मिळतो तो मालाचा मोबदला कमी आणि खंड अधिक.

हा खंड किती दूरवर पोहोचतो हे २०१७ साली लंडनच्या उच्च न्यायालयात दिसले. मद्यनिर्मिती करणाऱ्या दियाजिओ कंपनीचे हिशेब सॅपच्या प्रणालीवर होते. तिने आपल्या विक्री-प्रतिनिधींसाठी आणि ग्राहकांसाठी दुसऱ्या एका कंपनीच्या प्रणालीवर सोय केली. तेथे होणाऱ्या नोंदी मागील बाजूने सॅपपर्यंत पोहोचत. ही माणसे अप्रत्यक्षपणे सॅपच वापरतात, म्हणून त्यांचेही शुल्क द्यावे, असा सॅपचा दावा होता. मागणी होती पाच कोटी चाळीस लाख पौंडांहून अधिक. रक्कम ठरण्याचे बाकी ठेवून न्यायालयाने तत्त्व सॅपच्या बाजूने मान्य केले. दियाजिओ काही गरीब संस्था नव्हे. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण एवढ्या मोठ्या भांडवलदारालाही स्वतःच्या ग्राहकांना स्वतःच्या हिशेबाशी जोडताना तिसऱ्याची परवानगी लागते, तर लहान कारखानदाराची आणि सहकारी संस्थेची काय कथा?

या मक्तेदारीला उत्तर म्हणून जी चळवळ उभी राहिली ती मुक्त सॉफ्टवेअरची. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. येथे 'मुक्त' म्हणजे 'फुकट' नव्हे. प्रणाली हव्या त्या कामासाठी वापरण्याचे, तिची मूळ संहिता वाचून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती इतरांना देण्याचे आणि सुधारलेली प्रणालीही वाटण्याचे, अशी चार स्वातंत्र्ये तीत अभिप्रेत आहेत. १९८९ च्या 'जीपीएल' परवान्यात आणखी एक अट आली: अशी प्रणाली बदलून जो इतरांना देईल त्याने तीच स्वातंत्र्ये पुढेही दिली पाहिजेत. कायद्याने दिलेला मालकी हक्कच मालकीविरुद्ध वापरण्याची ही युक्ती होती.

परंतु परवान्यावर स्वातंत्र्य लिहिले म्हणजे ते टिकते काय? या बाबतीत मुक्त ईआरपीचा इतिहास फार बोलका आहे.

पहिले उदाहरण 'कॉम्पिएरे'चे. पूर्वी ऑरॅकलमध्ये काम केलेले योर्ग यांके यांनी १९९९ च्या सुमारास ही प्रणाली उभारायला घेतली. संहिता खुली होती आणि निरनिराळ्या देशांतील कार्यक्रम-लेखक तिच्याभोवती गोळा झाले. २००६ मध्ये कंपनीत साहसवित्ताचे भांडवल आले. आपण पाठवलेल्या सुधारणा घेतल्या जात नाहीत, निर्णयात आपल्याला स्थान नाही, अशी या लोकांची तक्रार होती. ती आता विकोपाला गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी संहितेची प्रत घेऊन 'अडेम्पिएरे' हा नवा प्रकल्प सुरू केला. मलेशियातील रेधुआन ऊन हे त्यात पुढे होते. मराठीत याला चूल वेगळी करणे म्हणतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात तो प्रत्येकाचा हक्क आहे. २०१० मध्ये कॉम्पिएरे 'कोन्सोना' या कंपनीला विकली गेली. कंपनी विकली गेली, नाव विकले गेले, ग्राहकांची यादीही विकली गेली. परंतु लोकांच्या हातात आधीच गेलेली संहिता विकता आली नाही. अडेम्पिएरे आणि तिच्यातून पुढे निघालेली 'आयडेम्पिएरे' यांचे काम चालूच राहिले.

दुसरे उदाहरण बेल्जियममधील. फाबियाँ पिंकार्स यांनी २००५ मध्ये 'टायनी ईआरपी' आणली. तीच पुढे 'ओपन ईआरपी' आणि २०१४ पासून 'ओडू' झाली. २०१५ मध्ये तिच्या नवव्या आवृत्तीबरोबर घराचे दोन भाग झाले. एक भाग सर्वांसाठी खुला, दुसरा पैसे भरणाऱ्यांसाठी बंद. आणि परवानाही सौम्य झाला. हे सर्व कायद्याला धरूनच होते. कंपनी तगली, वाढली, तिच्या खुल्या भागाचा लाभ हजारो लहान धंद्यांना मिळतो, हेही मान्य केले पाहिजे. पण पुढे कोणती सोय खुल्या भागात राहील आणि कोणती बंद दाराआड जाईल, हे ठरवण्याचा अधिकार एका कंपनीकडे राहिला. या प्रणालीतूनच २००८ साली वेगळे झालेल्या 'ट्रायटन'च्या मंडळींनी निराळा मार्ग धरला. त्यांनी २०१२ मध्ये प्रकल्पासाठी प्रतिष्ठान स्थापन केले, म्हणजे नाव आणि व्यवस्था कोणा एका व्यापारी कंपनीच्या हाती राहू नये.

तिसरे उदाहरण घरचे, मुंबईचे. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय होता. त्याच्या कारभारासाठी प्रणाली बसवण्याच्या खटपटीतून त्यांनी स्वतःच ती लिहायला घेतली. २००८ मध्ये कंपनी निघाली, आणि 'ईआरपीनेक्स्ट' ही प्रणाली पुढे जीपीएलखाली सर्वांसाठी खुली झाली. 'फ्रॅपे' या नावाने ओळखली जाणारी ही कंपनी प्रणाली आपल्या यंत्रावर चालवून देणे आणि साहाय्य करणे या सेवांवर चालते. तिने हिशेबाची खास सोय बंद कपाटात ठेवलेली नाही. परदेशांतील उद्योगही ही प्रणाली वापरतात. मुंबईत लिहिलेली संहिता दुसऱ्या खंडातला कारकून वापरतो आणि तिच्यातली चूक दाखवून देतो, ही श्रमाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याची लहानशी पण खरी खूण आहे.

येथे एक शंका निघते. पगार न घेता लोक हे काम का करतात? ही निव्वळ दानशूरता आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. कराचा कायदा प्रत्येक देशाचा वेगळा, आणि तो वारंवार बदलतो. १ जुलै २०१७ रोजी भारतात वस्तू व सेवा कर आला तेव्हा बिलाचा नमुनाच बदलला. एखाद्या कारखान्याने हा बदल आपल्यापुरता करून घेतला, तर मूळ प्रणालीची नवी आवृत्ती निघेल तेव्हा तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. तोच बदल सामाईक संहितेत घातला तर त्याची निगा सर्व मिळून राखतात. म्हणजे देण्यातच देणाऱ्याची सोय आहे. गावच्या पाटाची साफसफाई प्रत्येकाने केली तर पाणी प्रत्येकाच्या शेतात पोहोचते, तसेच हे.

मात्र पाटावर हक्क सर्वांचा आणि गाळ काढायला दोघेचौघे, हा अनुभवही तितकाच जुना आहे. पुष्कळ मुक्त प्रकल्पांत मूठभर माणसे राबतात आणि त्यांच्या श्रमावर सल्लागार कंपन्या नफा कमावतात. शिवाय प्रणाली मुक्त असली तरी ती बसवायला जाणकार लागतो. जाणकार एकच असेल तर जुन्या मक्तेदाराच्या जागी नवा आला, इतकेच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते सामाईक संपत्तीच्या अभ्यासासाठी. त्यांच्या अभ्यासाचे सार असे की सामाईक मालमत्ता नष्ट होणे अटळ नसते. वापरणारे स्वतः नियम करतात, स्वतः देखरेख ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला जाब विचारतात, तेथे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. गायरान सातबाऱ्यावर गावाचे असते म्हणून वाचत नाही. गाव जागे असते म्हणून वाचते.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. प्रवरा साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभे राहिलेले धनंजयराव गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. अर्थशास्त्राचा पंडित शेतकऱ्यांच्या कारखान्याचा अध्यक्ष होतो, यामागचा अर्थ हाच की मालकी सभासदांची करावयाची तर ज्ञानही सभासदांच्या बाजूला असले पाहिजे. पुढे अनेक सहकारी संस्थांत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. भाग सभासदांचे राहिले आणि दप्तर मूठभरांच्या कपाटात गेले. ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती संस्था, हा धडा सहकाराने मोठी किंमत देऊन शिकवला आहे.

आज ते दप्तर यंत्रात जात आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये, आणि योजना अशी की साऱ्या संस्था एकाच सामाईक ईआरपी प्रणालीवर याव्यात. आपल्याकडच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या याच वर्गातल्या. या कामाला विरोध करण्याचे कारण नाही. गटसचिवाच्या खतावणीत खाडाखोड होते आणि कर्जदार शेतकऱ्याला आपले खाते वेळेवर दिसत नाही, हे दुखणे खरे आहे. पण प्रश्न विचारला पाहिजे: व्याज कसे आकारले जाते, वसुली कोणत्या क्रमाने जमा होते, हे ज्या संहितेत लिहिले आहे ती वाचण्याचा हक्क कोणाला? सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला अग्रक्रम द्यावा असे धोरण केंद्र सरकारने २०१५ सालीच जाहीर केले. सरकारी पैशाने लिहिलेली संहिता खुली करण्याचे धोरणही त्याच वर्षीचे. त्या शब्दाला सरकारला जागवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

तेव्हा प्रत्येक तालुक्यात तीन मागण्या धरता येतील. पहिली, सार्वजनिक पैशाने होणाऱ्या सहकारी हिशेब-प्रणालीची मूळ संहिता सार्वजनिक असावी. दुसरी, कोणत्याही संस्थेला आपल्या सर्व नोंदी, कोणाची परवानगी न घेता आणि शुल्क न भरता, दुसऱ्या प्रणालीत नेता येतील अशा रूपात मिळाव्यात. तिसरी, सचिवांच्या आणि संचालकांच्या प्रशिक्षणात कळ कोठे दाबायची एवढेच न शिकवता आकडा कसा तयार होतो तेही, मराठीतून, शिकवले जावे. आणि ज्या गावातली शिकलेली मुले संगणकाचे काम जाणतात, त्यांना या कामात ओढणे ही चौथी मागणी सरकारकडे नव्हे, स्वतःकडे करावयाची आहे.

कॉम्पिएरेच्या लेखकांना आपली चूल वेगळी करता आली, याची कारणे दोन. परवान्याने त्यांना हक्क दिला होता, आणि संहिता वाचता येणारी माणसे त्यांच्यात होती. एकाच गोष्टीवर भागले नसते. हक्काशिवाय ज्ञान असते तर ते नोकर राहिले असते. ज्ञानाशिवाय हक्क असता तर तो कागदावर पडून राहिला असता. सोसायटीच्या सभासदाला यांपैकी आज पुरते काहीच मिळालेले नाही. वहीवर त्याचे नाव आहे. वही त्याची व्हायची आहे.