अर्जांतील एक प्रश्न



गेल्या वर्षीं एके रात्रीं कॅलिफोर्नियाहून माझ्या पुतण्याचा फोन आला. वैद्यकीय शिक्षणाचें त्याचें शेवटचें वर्ष. "काका, अर्जांतल्या एका प्रश्नापाशीं अडलों आहें," तो म्हणाला.

अमेरिकेंत डॉक्टरीची पदवी मिळाल्यावर रुग्णालयांत बहुधा तीन ते सात वर्षें निवासी डॉक्टर म्हणून उमेदवारी करावी लागते. त्यासाठींचे बहुतेक अर्ज 'ईरास' या सामाईक यंत्रणेमार्फत जातात, आणि १९५२ पासून चालत आलेल्या 'मॅच'चा निकाल मार्चमध्यें लागतो. अर्जांत सौम्य गुन्हा म्हणजे मिस्डिमीनर व गंभीर गुन्हा म्हणजे फेलनी, यांबद्दल दोषी ठरलां आहांत काय, असें विचारलेलें असतें.

बाविसाव्या वर्षीं मद्य घेऊन मोटार चालवितांना तो सांपडला होता. कोणास इजा झाली नाहीं. दंड, सक्तीचे वर्ग, तीन वर्षांची देखरेख. ती मुदत निर्वेध पार पडल्यावर न्यायालयानें दोषसिद्धि रद्द केली. "न्यायालयानेंच पुसलें, तें मीं कां उगाळावें?" प्रश्न रास्त होता. घरांतहि झाकल्या मुठीच्या बाजूनेंच बहुमत होतें.

परंतु तेथील दंडसंहितेचें ज्या १२०३.४ कलमानें ही मोकळीक दिली, तेंच कलम बजावतें कीं, राज्याच्या परवान्याच्या अर्जांत थेट विचारल्यास ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. डॉक्टरीचा परवाना राज्याचें वैद्यकीय मंडळ देतें, आणि बोटांचे ठसेहि घेतें. म्हणजे रुग्णालयापासून लपविलेलें पुढें मंडळापुढें उघड होणार. आणि दोन कागदांतील ती तफावत मूळ अपराधाहून जड ठरते. महत्त्वाची माहिती दडविणाऱ्यास 'मॅच' चालविणारी संस्थाहि पुढील वर्षांसाठीं वगळूं शकते.

उलट, भीतीपोटीं नको तें कबूल करणेंहि शहाणपणाचें नव्हे. न्यू जर्सींत हेंच कृत्य वाहतुकीच्या नियमाचा भंग आहे, गुन्हा नव्हे. विस्कॉन्सिनमध्यें पहिल्या खेपेस बहुधा केवळ दिवाणी दंड. आणि आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांस व्हिसाच्या अर्जांत निव्वळ अटकेबद्दलहि विचारतात! तेव्हां प्रश्नाचा शब्द न् शब्द वाचावा, व शंका असल्यास त्या राज्यांतील वकील गांठावा.

पुतण्याचा पहिला मजकूर पानभर होता: मित्राचा वाढदिवस, पोलिसाचा उद्धटपणा, निसरडा रस्ता. इतरांचें जें जें होतें, तें मीं काढावयास लावलें. उरल्या सहा ओळी: तारीख, केलेलें कृत्य, शिक्षा, ती पुरी झाल्याचा दाखला, आणि त्यानंतर एकदांहि मद्य घेऊन गाडीला हात लावला नाहीं, एवढेंच.

मार्चमध्यें त्यास जागा मिळाली. पहिल्या पसंतीची नव्हे. कांहीं रुग्णालयांनीं मुलाखतीसहि बोलावलें नाहीं. त्याचें कारण त्या सहा ओळी कीं परीक्षेचे गुण, हें आम्हांस कधींच कळणार नाहीं. आतां मंडळाचा अर्ज भरावयाचा आहे, आणि त्यासाठीं त्यानें त्याच सहा ओळी जशाच्या तशा जपून ठेविल्या आहेत.