दहा मीटरवर ताकद किती लागते?

माझ्या मागे जी कमान दिसतेय, तो झाशीचा ओरछा गेट. मधून मधून रिक्षांचे हॉर्न ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या. घरात बसून बोलता आलं असतं, पण आजच्या विषयाची सुरुवात याच दरवाजाच्या आतल्या एका गल्लीत झाली, म्हणून म्हटलं इथेच उभं राहून बोलू.

गेल्या महिन्यात या गल्लीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. मराठी घर, चार पिढ्या झाशीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बुंदेली. सोबत चौदा वर्षांचा मुलगा. पॅरिसला मनू भाकरने ब्राँझ घेतलं तेव्हापासून मुलाच्या डोक्यात एअर पिस्तूल बसलंय. वडिलांनी दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. मला म्हणाले, "काका, घ्यायचं तर एकदाच घेणार. दुकानदार म्हणतो, जास्त पॉवरचं घ्या म्हणजे पुढे बदलावं लागणार नाही. तुम्ही सांगाल ते घेतो."

त्यांनी मोबाइलवर जाहिरात दाखवली. सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलं होतं छर्ऱ्याचा वेग. ट्रिगरबद्दल एक ओळ नाही, मुठीबद्दल नाही. हा वेगाचा आकडासुद्धा बहुतेक वेळा हलक्यात हलका छर्रा घालून मोजलेला असतो. नेहमीचा शिशाचा छर्रा घातला की आकडा खाली येतो. ते खोक्यावर लिहीत नाहीत.

मी त्यांना विचारलं, "मुलाला काय मारायचंय?" ते जरा दचकले. पण प्रश्न सरळ आहे. मुलाला दहा मीटरवरचा कागद मारायचाय. कागदाला भोक पडायला किती ताकद लागते?

हिशेब करू. स्पर्धेतला छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, 4.5 मिलिमीटर व्यासाचा. चांगल्या मॅच पिस्तुलातून तो सेकंदाला सुमारे 150 मीटर वेगाने निघतो. त्याची ऊर्जा होते साडेपाच ज्यूलच्या आसपास. ऑलिंपिकचं पदक एवढ्यावर मिळतं. आपल्याकडे 4.5 मिलिमीटरच्या हवाई हत्याराला 20 ज्यूलपर्यंत परवाना लागत नाही, म्हणून दुकानदार त्या 20 च्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातात. कायद्याने घालून दिलेली वरची हद्द गिऱ्हाइकाला गुणवत्तेसारखी विकली जाते.

"पण वेग जास्त असला तर छर्रा सरळ जाईल ना?" हा वडिलांचा पुढचा प्रश्न. सगळेच विचारतात, आणि तो अगदीच चुकीचा नाही. 150 मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर जाईपर्यंत सुमारे 22 मिलिमीटर खाली येतो. 20 ज्यूलवाल्याचा वेग जवळजवळ दुप्पट, तो सहाएक मिलिमीटरच येतो. फरक दिसतो खरा. पण 22 मिलिमीटर तर 22, तो दर वेळी तेवढाच खाली येत असेल तर मागची साइट दोन-चार खटके फिरवली की विषय संपला. तो कधी 22 आणि कधी 24 खाली आला, तर मात्र कुठलीही साइट उपयोगाची नाही.

आता बारकाईने ऐका. वेगात सेकंदाला फक्त पाच मीटरचा फरक पडला, 150 ऐवजी 145 झाला, तर छर्रा कागदावर दीड मिलिमीटर खाली लागतो. दीड मिलिमीटर म्हणजे किती? दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर फायनलमध्ये दशांश गुण धरतात, आणि एक दशांश म्हणजे कागदावर 0.8 मिलिमीटर. पॅरिसच्या फायनलमध्ये मनू भाकर 221.7 वर बाहेर पडली तेव्हा कोरियाची किम येजी तिच्यापेक्षा 0.1 ने पुढे होती. रुपेरी आणि ब्राँझमध्ये त्या क्षणी एवढंच अंतर होतं. अशा खेळात मला दर वेळी तेच करणारं पिस्तूल हवं. किती जोरात करतं, हे मी नंतर विचारीन.

सारखेपणा कुठून येतो, ते पिस्तुलाच्या पोटात बघावं लागतं.

स्वस्तातलं ताकदवान पिस्तूल बहुधा स्प्रिंगचं असतं. नळी मोडून स्प्रिंग दाबायची; ट्रिगर ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि हवा दाबली जाऊन छर्रा सुटतो. गंमत अशी की दट्ट्या पुढे निघाला की पिस्तूल मागे ढकललं जातं, आणि दट्ट्या टोकाला आपटला की पुढे हिसका बसतो. हे सगळं होत असताना छर्रा अजून नळीतच असतो. ताकद वाढवायची म्हणजे स्प्रिंग कडक करायची, म्हणजे हे दोन्ही हिसके वाढणार. रायफल दोन हातांनी, खांद्याला लावून धरता येते, तरी तिथेही हे जाणवतं. पिस्तूल एका हाताने, हात लांब करून धरायचं असतं. चौदा वर्षांच्या मुलाचं मनगट हिसका येणार हे चार दिवसांत शिकतं आणि ट्रिगर ओढायच्या आधीच आवळायला लागतं. मी स्वतः तरुणपणी असंच पिस्तूल घेतलं होतं, दुकानातलं सगळ्यात जोरकस. ती आवळायची सवय मोडायला मला पुढे दोन वर्षं लागली. पिस्तूल केव्हाच विकलं होतं, सवय राहिली.

दुसरा प्रकार गॅसचा, 12 ग्रॅमच्या छोट्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड. हिसका नाही, हाताळायला मजा. पण हा गॅस हवामानावर चालतो. 20 अंशाला आतला दाब 57 बारच्या आसपास, 10 अंशाला 45 च्या आसपास. 31 अंशाच्या वर तर तो द्रवरूपात राहतच नाही, दाब नुसता चढत जातो. आता आमच्या झाशीचं हवामान मी मराठवाडा-विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको. मे महिन्यात 45 अंश, डिसेंबरच्या सकाळी हात बधिर. इथे गॅसचं पिस्तूल म्हणजे उन्हाळ्यात एक पिस्तूल आणि हिवाळ्यात दुसरं. शिवाय भराभर चार छर्रे मारले की नळकांडं गार पडतं आणि वेग उतरतो.

तिसरा प्रकार, एकदा लिव्हर ओढून हवा दाबायची आणि तेवढ्यावर एक छर्रा. ताकद यात सगळ्यात कमी, वेग बहुतेकदा 150 च्याही खालीच. पण हवा दर वेळी तेवढीच दाबली जाते. सिलिंडर नको, पंप नको, गॅस नको. जाहिरातीत हे पिस्तूल गरीब दिसतं. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा प्रामाणिक वस्तू मला माहीत नाही.

आणि चौथा, आज स्पर्धेत सगळे वापरतात तो: 200 बारपर्यंत भरलेलं हवेचं सिलिंडर आणि आत एक रेग्युलेटर. सिलिंडरमध्ये दाब कितीही उतरो, रेग्युलेटर पुढे ठरलेलाच दाब सोडतो. म्हणजे स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ ही नावं ज्यासाठी लाखाच्या वर पैसे घेतात, त्यातला मोठा भाग ताकद वाढवण्याचा नसून ती आवरण्याचा आहे. कुणी जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी बघा. मुदत संपलेलं सिलिंडर स्वस्तात मिळालं तरी महाग.

इथे उभा आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1858 च्या मार्चमध्ये ह्यू रोजच्या फौजेने या शहराला वेढा घातला. किल्ल्यावर आजही कडक बिजली आणि भवानी शंकर या तोफा ठेवल्या आहेत. वेढ्याच्या वेळी शहरात असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी त्या दिवसांचं जे लिहून ठेवलं, ते 'माझा प्रवास' मराठी माणसाने वाचलेलं असतं. तट पाडायचा तर त्या काळी एकच रीत होती. एक जागा धरायची आणि गोळा पुन्हा पुन्हा तिथेच घालायचा. मोठा गोळा आज इथे आणि उद्या वीस हात पलीकडे लागला तर तटाला नुसते खड्डे पडतात. 3 एप्रिलच्या पहाटे हल्ला झाला तेव्हा एक तुकडी अशाच पाडलेल्या खिंडारातून आत आली, दुसरी शिड्या लावून चढली. आणि हा ओरछा दरवाजा? लोक सांगतात, तो दुल्हाजूने आतून उघडून दिला. खरंखोटं इतिहासकारांनी बघावं. पण गल्लीतलं पोरही ही गोष्ट सांगतं.

असो. पिस्तुलाकडे परत येऊ, कारण सगळ्यात महत्त्वाचं राहिलंय. इतका वेळ मी यंत्राच्या चुका सांगितल्या. माणसाच्या चुकीपुढे त्या काहीच नाहीत.

पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर असतं साधारण 32 सेंटीमीटर. माशी खाचेत एक मिलिमीटर इकडे तिकडे झाली, तर दहा मीटरवर छर्रा तीन सेंटीमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाऐवजी सात. एक मिलिमीटर! आणि ही माशी हलते कशाने? ट्रिगर ओढताना. नियमाप्रमाणे ट्रिगरचा भार निदान 500 ग्रॅम हवा. मॅच पिस्तुलाचा ट्रिगर 500 च्या जरा वर ठेवलेला असतो आणि काच तडकावी तसा स्वच्छ सुटतो. जोरकस स्प्रिंग अडवून धरणाऱ्या स्वस्त पिस्तुलाचा ट्रिगर जड, खरखरीत, कधी सुटेल ते न कळणारा. तो ओढताना माशी जागेवर ठेवणं माझ्यानेही होत नाही, मुलाकडून कुठून होणार?

म्हणून मी वडिलांना सांगितलं, दुकानात जाल तेव्हा वेगाचा आकडा विचारू नका. मुलाला हात लांब करून पिस्तूल धरू द्या. डोळे मिटायला सांगा, मग उघडायला सांगा. माशी खाचेच्या मध्ये दिसते की कडेला? कडेला दिसत असेल तर मूठ त्याच्या हाताची नाही. मग रिकामं पिस्तूल वीस वेळा ओढू द्या, आणि तुम्ही माशीकडे बघा. वजनही बघा. नियम दीड किलोपर्यंत मुभा देतो, पण मुलाने साठ शॉट 75 मिनिटांत मारायचेत. तेवढा वेळ हात वर ठेवून पाहा.

वडिलांच्या मनात अजून एक शंका होती, ती त्यांनी शेवटी बोलून दाखवली. "कमी ताकदीचं म्हणजे खेळणंच ना?" मंडळी, इथे मी आवाज चढवला. साडेपाच ज्यूल म्हणजे खेळणं नव्हे. डोळा जायला त्याच्या निम्मी ताकदही पुरते. त्यांच्या घराची गच्ची तीन गच्च्यांना लागून आहे, तिथे बायका पापड वाळत घालतात. कागद फाडून गेलेला छर्रा कुठे थांबणार, हे ठरवल्याशिवाय कुठलंही पिस्तूल घरी आणायचं नाही. 20 ज्यूलवालं तर त्या गच्चीवर मी काढूच दिलं नसतं. पातळ फळीतून आरपार जातं, कडक वस्तूवर आपटून उलटं येतं.

काय ठरलं विचाराल, तर पिस्तूल अजून घेतलेलं नाही. मुलगा दर रविवारी माझ्याकडे येतो. माझं जुनं एका लिव्हरचं पिस्तूल त्याला देतो, छर्रा न घालता. पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहतो, ट्रिगर ओढतो, आणि सुटताना माशी कुठे होती ते मला सांगतो. पहिल्या रविवारी दर वेळी "मधे" म्हणायचा. परवा पहिल्यांदा म्हणाला, "आजोबा, डावीकडे गेली." वडील मागे खुर्चीवर बसून होते, त्यांनी मोबाइल खाली ठेवला.