‘राहू दे, मी करते’



मी स्पीच थेरपिस्ट आहे. राहायला आणि कामाला इथेच, नेरूळला. आमच्याकडे उशिरा बोलणारी लहान मुलंच येतात असा समज आहे, पण मोठी माणसंही येतात. त्यातल्या काही बायकांची तक्रार अगदी एकसारखी असते. ‘मला ऐकू येतं हो, पण कळत नाही.’ कानाची तपासणी करावी तर दोन्ही कान ठणठणीत! आता ही तपासणी होते कुठे, ते बघा. बाहेरचा आवाज येणार नाही अशा बंद खोलीत हेडफोन लावायचा, एकेक बारीक ‘टूं’ ऐकायचा आणि बटण दाबायचं. घरी असं कोण बोलतं? घरी कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्हीवरची मालिका, आणि त्यातच आतल्या खोलीतून कुणीतरी काहीतरी विचारत असतं.

याला कारणं बरीच असू शकतात. पण काही जणींच्या बाबतीत ते कारण ऑटिझम असतं, आणि तिशी-चाळिशी उलटेपर्यंत कुणाच्या ते लक्षात आलेलं नसतं. आज बोलायचंय ते अशा मोठ्या माणसांबद्दल, आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या आपल्याबद्दलही.

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द रुळलाय, पण मला तो खटकतो. स्वतःतच बुडालेलं, दुसऱ्याची पर्वा नसलेलं माणूस डोळ्यांपुढे येतं. भाषांतर चुकलंय असंही नाही, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्व’ असाच आहे. नावच मुळात बाहेरून बघणाऱ्यांनी ठेवलंय. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यात ८ मुलगे होते आणि ३ मुली. तेव्हापासून हा मुलग्यांचाच विषय होऊन बसला. त्यात आपल्याकडे कमी बोलणारी मुलगी म्हणजे गुणाची मुलगी. लग्न झालं की तीच ‘शिष्ट’ होते.

आधी आवाजाचं बघू. संध्याकाळी सात वाजता नेरूळ स्टेशनवर उभ्या राहा. पनवेलची गाडी, ठाण्याची गाडी, उरणची गाडी, तीन भाषांतल्या घोषणा, शेजारी कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं. आपला मेंदू यातले नको ते आवाज आपल्याला न विचारताच मागे सारतो आणि मैत्रिणीचं बोलणं पुढे घेतो. ऑटिझम असलेल्या अनेकांना ही निवड इतकी आपोआप होत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २००४ साली हे मोजलं. गोंगाटात वाक्य कळायला ऑटिझम असलेल्यांना बोलणं साधारण २ ते ४ डेसिबल जास्त मोठं लागत होतं. आकडा लहान वाटेल, पण गोंगाटात वाक्य हाती लागणं आणि निसटणं यात अंतर तेवढंच असतं.

याची दुसरी बाजू मला जास्त आवडते. लंडनमधल्या एका प्रयोगात, २०१७ साली, लोकांना एक ध्वनिमुद्रण ऐकवलं आणि त्यातल्या बायकांच्या बोलण्याकडे लक्ष द्या म्हणून सांगितलं. मध्येच एक पुरुष ‘मी गोरिला आहे, मी गोरिला आहे’ म्हणत जातो. ऑटिझम नसलेल्यांपैकी १२ टक्के लोकांनाच तो ऐकू आला. ऑटिझम असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना. म्हणजे त्यांच्यापर्यंत कमी पोचत नाही, जास्तच पोचतं, आणि त्या ढिगातून हवं ते वेचायला वेळ लागतो. आपण काय करतो? दोन सेकंद थांबतो आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. पहिलं वाक्य अजून उलगडतंय, तोवर दुसरं येऊन आदळतं.

आता अर्थाकडे येऊ, आणि इथे आपण मराठी माणसांनी जरा स्वतःचं बोलणं ऐकावं. निघताना आपण ‘येते’ म्हणतो. बांगडी फुटली की ती ‘वाढवली’. ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणजे पुष्कळदा मुलगीच पसंत नाही. ‘बघू’ म्हणजे बहुतेक नाही. चहाला दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’. पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणाली तर ती हावरट! हे कुठल्या शाळेत शिकवतात? ऑटिझम असलेल्या बायका यातलं पुष्कळसं शिकतातही, पण पाढे पाठ करावेत तसं. प्रसंग बदलला की नवा पाढा. रात्रीपर्यंत जीव दमून जातो, आणि का दमला ते कुणाला सांगता येत नाही.

समजा, जेवणं झालीयत. ओट्यापाशी सासूबाई म्हणतात, ‘राहू दे गं, मी करते.’ सून म्हणते, ‘बरं, आई,’ आणि खोलीत जाते. दुसऱ्या दिवशी सून म्हणते, ‘आई, आमटीत मीठ जास्त झालंय.’ तिला मीठ जास्त झालंय एवढंच सांगायचं असतं. सासूबाईंना त्यात टोमणा ऐकू येतो, जो कुणी मारलेलाच नाही. आता सांगा, चुकीचं कुणी ऐकलं? पहिल्या दिवशी न बोललेलं ते सुनेला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी न बोललेलं ते सासूबाईंना ऐकू आलं. तपासायला मात्र सुनेलाच आणतात.

डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली नेमकं हेच मांडलं. दोन वेगळ्या घडणीची माणसं भेटली की कळण्यातली अडचण दोन्हीकडून असते, एकाच्याच डोक्यात नसते. पुढे एडिंबरोच्या संशोधकांनी चक्क आपल्या कानगोष्टींसारखा खेळ लावला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, आणि एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे. २०२० साली निकाल आला. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली, मिश्र साखळीत मात्र जास्त गळती झाली. पुढे ३११ माणसं घेऊन असाच अभ्यास झाला. त्याचा निकाल २०२५ मध्ये आला, आणि त्यात मिश्र साखळीही मागे पडली नाही. मिश्र साखळीचं कोडं सुटायचं तेव्हा सुटेल. पण ऑटिस्टिक माणसाला निरोप नीट सांगता येत नाही, हे दोन्ही वेळा खोटं ठरलं.

मग अडतं कुठे? अमेरिकेतल्या टेक्सासच्या संशोधकांनी २०१७ साली ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या जेमतेम १० सेकंदांच्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. ऑटिस्टिक माणसांबद्दल मत लगेच वाईट झालं. पण त्यांचं तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं, तेव्हा फरक उरला नाही. म्हणजे नावडला तो सूर, चेहरा, नजर. काय बोलली ते नव्हे. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलींचं काय होत असेल, विचार करा.

घरात करता येण्यासारखं थोडंच आहे, पण उपयोगी आहे. टीव्ही बंद करून बोला. एका वेळी एक प्रश्न, आणि मग दहापर्यंत आकडे मोजा, मनातल्या मनात. पुन्हा विचारायचं झालं तर तेच शब्द वापरा. ‘माझ्याकडे बघून बोल’ हा हट्ट सोडा, कारण अनेक जणींना बघणं आणि ऐकणं एकदम जमत नाही. महत्त्वाचं काही असेल तर व्हॉट्सअॅपवर लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि भांडी घासून हवी असतील तर ‘भांडी घास’ म्हणा. तिला बहुतेक बरंच वाटेल.

ज्यांना तपासून घ्यायचंय त्यांच्यासाठी सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. नेरूळहून जवळच, खारघरला, सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० मुद्दे आहेत, पण ते बहुतेक वरून दिसणाऱ्या वागण्याचे. वर्षानुवर्षं सगळं सावरून घेणारी बाई त्यात सुटून जाऊ शकते. म्हणून जाताना तुमचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी बरोबर न्या, आई असेल, मावशी असेल. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं माळ्यावर असतील तर तीही काढा. त्यात बाईंनी लिहिलेले शेरे आम्ही फार बारकाईने वाचतो.