हा फोटो कुणाचा?

(पनवेल येथे भरलेल्या रेडिओलॉजी तंत्रज्ञांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



आपल्याकडे अध्यक्षीय भाषण एक्स-रेचा शोध लावणाऱ्या रोंटगेनपासून सुरू करायची प्रथा आहे. १८९५ साल, वुर्झबर्ग, बायकोच्या हाताचा तो अंगठीवाला फोटो, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे, म्हणून मी ते ओलांडून पुढे जातो. त्या फोटोबद्दल एकच सांगायचं आहे. तो हात कुणाचा, हे सव्वाशे वर्षांनंतरही जगाला ठाऊक आहे. आपल्या खात्यातून रोज बाहेर पडणाऱ्या फोटोंबद्दल तितक्या खात्रीने बोलता येतं का, एवढाच माझा आजचा विषय.

फिल्मच्या काळात नाव-नंबर शिशाच्या अक्षरांनी उमटायचा, नाहीतर कोपऱ्यात प्रकाशाने छापला जायचा. घोटाळा झालाच तर एका फिल्मपुरता. फिल्म पाकिटात, पाकीट पेशंटच्या हातात, आणि आपलं पाकीट कोणतं हे पेशंटला बरोबर कळायचं. आता पाकीटच उरलं नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी आणि यंत्रं बनवणाऱ्यांनी मिळून एक मानक काढलं, १९९३ पासून ते डायकॉम या नावाने चालतं. त्याची खरी करामत अशी, की चित्र आणि चित्राचा मालक एकाच फाइलमध्ये शिवले गेले. पेशंटचं नाव, नंबर, वय, तपासणीची वेळ, यंत्र, सगळं त्यात. ही शिलाई कन्सोलवर आपण घालतो. तिथे चुकलं, की रेडिओलॉजिस्ट कितीही नामवंत असोत, ते दुसऱ्याच माणसाचा अचूक रिपोर्ट लिहितात.

पनवेलमध्ये हे काम किती अवघड आहे ते बाहेरगावच्या मंडळींना सांगायला हवं. या तालुक्यात म्हात्रे, पाटील, घरत, भोईर, भगत यांची गावंच्या गावं आहेत. सकाळच्या ओपीडीत दोन सुनंदा पाटील बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि त्यातल्या एकीचं आधार कार्ड अजून माहेरच्या नावाचं असतं. नाव टाइप होतं रोमन लिपीत. खिडकीवरचा माणूस बदलला की म्हात्रेचं स्पेलिंग बदलतं, आणि पॅक्सला, म्हणजे फोटो साठवणाऱ्या आपल्या संगणकप्रणालीला, वाटतं पेशंटच बदलला. जन्मतारीख ताडून पाहा, असं परदेशी पुस्तकं सांगतात. त्या पुस्तकांना आपला १ जून माहीत नाही! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख घेऊन अख्खी पिढी म्हातारी झाली. कर्नाळ्याच्या बाजूच्या वाडीवरून आलेल्या आजीला वय विचारा, ती म्हणते, “तुम्हीच लिहा काय ते.”

मग देवनागरीत नाव का नको, असं काही तरुण मित्र विचारतात. डायकॉममध्ये युनिकोडची सोय आहे. पण यंत्र, पॅक्स आणि प्रिंटर या तिघांनाही ती कळावी लागते. एकाला जरी कळली नाही तर नावाच्या जागी चौकोनांची रांग येते. मी मराठीचा अभिमानी माणूस आहे, तरी माझं मत स्पष्ट आहे. आधी नंबर सांभाळा. नोंदणीतून कन्सोलवर येणाऱ्या वर्कलिस्टमधून पेशंट उचला, हाताने टाइप करू नका. नेटवर्क मंद आहे म्हणून “तेवढ्यापुरतं” टाकलेलं नाव पुढे पॅक्समध्ये बेवारस पडलेलं सापडतं, आणि तोवर त्याच्या आधीच्या तपासण्यांशी त्याचं नातं तुटलेलं असतं.

द्रुतगती मार्ग आपल्या कळंबोलीतून सुटतो. रात्री अपघातातले तिघे एकदम येतात, दोघे बेशुद्ध. कन्सोलवर दोन नोंदी होतात: अनोळखी पुरुष एक, अनोळखी पुरुष दोन. डोक्याचा सीटी, मानेचा सीटी, छाती, कंबर. पहाटे नातेवाईक पोचतात, घाबरलेले, कपड्यांवरून आणि घड्याळावरून ओळख पटवणारे. पोलिसांच्या कागदावर नावं चढतात आणि वॉर्डातून फोन येतो, “ते अननोनचं नाव टाकून द्या हो.” आता त्या तात्पुरत्या नंबरावरचे फोटो खऱ्या नंबराशी मर्ज करायचे असतात. मर्जचं बटण एका क्लिकचं. झालेलं मर्ज सोडवायला मात्र अख्खी दुपार जाते, आणि मधल्या वेळात शस्त्रक्रिया झालेली असू शकते. फोनवरच्या शब्दावर मर्ज करू नये. एकाने पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पोलिस प्रकरणांचं एमएलसी रजिस्टर धरावं, आणि दोघांच्या सह्या झाल्यावर बटण दाबावं. वॉर्डातले लोक चिडतात. चिडू द्यावं.

तसाच उजव्या-डाव्याचा प्रश्न. कॅसेटवर चिकटवायचा शिशाचा ‘आर’ आता ड्रॉवरमध्ये धूळ खातो, कारण कन्सोलवर ‘आर’ नंतरही टाकता येतो. नंतर टाकलेला ‘आर’ म्हणजे टाकणाऱ्याचा अंदाज. ज्याचं हृदय जन्मतःच उजव्या बाजूला आहे, अशा माणसाची छाती “उलटी आली” म्हणून कन्सोलवर सरळ केली जाते, आणि वर व्यवस्थित मार्करही बसतो. शिशाचा तुकडा काही रुपयांचा आहे. तो एक्सपोजरच्या वेळीच ठेवा.

साठवणुकीचं थोडक्यात सांगतो. सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. हजार कापांचा अभ्यास ५०० एमबी. डिस्क भरते आणि व्यवस्थापन म्हणतं, जुनं काढून टाका. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं ठेवायची आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. माझा आग्रह त्याहून पुढचा आहे. खारघरच्या अॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रामुळे या पट्ट्यात कॅन्सरचे पेशंट लांबून येऊन राहतात. त्यांच्या बाबतीत गाठ वाढली की घटली हे जुन्या फोटोशेजारी नवा ठेवल्याशिवाय सांगताच येत नाही. आणि गाढी नदीकाठच्या या शहरात सर्व्हर तळघरात ठेवू नये, हे २००५ च्या जुलैमधला पूर पाहिलेल्या रायगडकरांना वेगळं सांगायला नको.

आता ज्यावर बोलायला मला संकोच वाटत नाही, पण ऐकायला वाटावा, असा मुद्दा. २०२० च्या सुरुवातीला ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीने जगभरचे उघडे पॅक्स सर्व्हर तपासून अहवाल काढला. भारतातले १२ कोटींच्या आसपास वैद्यकीय फोटो इंटरनेटवर कुणालाही पाहता येतील असे पडलेले होते, आणि त्यात पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. एरवी पहिल्या क्रमांकाचे आपण फलक लावतो. हे हॅकरांनी फोडलेले सर्व्हर नव्हते, त्यांना कुलूपच नव्हतं. इंजिनिअर यंत्र बसवून गेला, दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून वाट उघडी ठेवून गेला, पासवर्ड कंपनीने दिलेला तोच राहिला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पडले आणि देशातलं एक मोठं सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनावर आलं. आपल्या छातीवरचा, किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. पॅक्सचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला, हे समोर बसलेल्यांपैकी किती जण सांगू शकतील?

फोटो राखणं म्हणजे सत्ता राखणं, हे महाराष्ट्राने फार आधी पाहिलं आहे. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं आपलं राज्य पहिलं, १९८८ साली. पुढे कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडला गेला, जो तपासणीची नोंद आपोआप ठेवायचा. हेच देशमुख २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणजे अध्यक्षीय भाषणांशी त्यांचाही संबंध आहे. पेशंटची गोपनीयता भंग होते म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि २०११ मध्ये न्यायालयाने त्या यंत्राच्या बाजूने कौल दिला. मुली वाचवण्यासाठी तो योग्यच होता, असं मी मानतो. पण त्या वेळी निदान वाद तरी झाला. आज सीटीच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, कोपऱ्यातल्या नावासकट, पाच व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो आणि कुणी विचारत नाही. त्यात वैद्यकीय तोटाही आहे. पडद्यावर विंडो, म्हणजे करड्या छटांची मर्यादा, बदलून मेंदूतला बारीक रक्तस्राव दिसतो. मोबाइलच्या फोटोत एकच विंडो गोठलेली असते. डॉक्टरांनी मागितला तर त्यांना पॅक्सचं लॉगिन द्या, फोटो नको.

ही सगळी कामं रुग्णालयात करतं कोण? तुम्ही. पगारपत्रकात ती आहेत का? नाहीत. एक्स-रे काढणं हे तुमचं पद, आणि मर्ज, वर्कलिस्ट, सीडी उघडत नाही, सर्व्हर बंद पडला, ही “जरा बघता का?” या सदरातली कामं. जाहिरात निघते तेव्हा पॅक्स सांभाळायला संगणक अभियंता हवा असतो. अभियंता सर्व्हर चालू ठेवेल; पण कमरेचा फोटो गुडघ्याच्या नावाखाली गेला आहे, हे त्याला पडद्याकडे बघून कळणार नाही. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने आपल्या व्यवसायाला ओळख दिली आहे. तिचा उपयोग इथे करून घ्यायचा.

म्हणून आज खुल्या अधिवेशनात दोन ठराव येत आहेत. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात पॅक्स व्यवस्थापकाचं पद रेडिओग्राफीच्या संवर्गातून, स्वतंत्र वेतनश्रेणीसह भरावं, हा पहिला. आपल्या पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांत प्रतिमांची नोंद, मर्ज आणि सुरक्षितता यांची प्रात्यक्षिक परीक्षा असावी, हा दुसरा. दोन्हींचा सूचक मीच आहे, त्यामुळे चर्चेच्या वेळी या खुर्चीत उपाध्यक्ष बसतील. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी जेवणाआधी नावं द्यावीत, आणि नावासोबत सभासद क्रमांकही लिहावा. यादीत पाटील बरेच आहेत.